कसब आणि कमाई : बिदरी कामाच्या जाहिरातींची भाषा

अरबी ‘कस्ब’ या शब्दाचा मूळ अर्थ कमावणे असा आहे. उर्दूत ‘कस्ब-ए-मआश’ म्हणजे उपजीविका मिळवणे. हाच शब्द मराठीत ‘कसब’ म्हणून रुळला. धंदा हा अर्थही त्यास होता. परंतु आज ‘कसब’ म्हटले की कौशल्यच आठवते, कमाई मागे पडते. हस्तकलेच्या जाहिरातींतही असेच घडलेले दिसते. बिदरी काम हे त्याचे ठळक उदाहरण होय.

बिदर व हैदराबाद ही या कामाची केंद्रे आहेत. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे साच्यात ओततात, कानशीने घासतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरतात. कोरलेल्या जागी चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या गरम मिश्रणाने धातू कायमचा काळा होतो. चांदी मात्र पांढरीच राहते. ओतणारा, कोरणारा, चांदी बसवणारा असे अनेक हात एका भांड्यामागे असतात.

जाहिरातीत यातील किल्ल्याच्या मातीची कहाणी तेवढी रंगवून येते. ‘शाही’, ‘अस्सल’, ‘शतकांचा वारसा’ ही विशेषणे ठरलेली असतात. छायाचित्रात बहुधा कारागिराचे हात असतात, चेहरा नसतो. वस्तूची किंमत छापलेली असते, त्यातील कारागिराचा वाटा नसतो. अमूल्य म्हणून गौरवलेली वस्तू सणासुदीला सवलतीतही मिळते. ही सवलत कोणाच्या हिश्शातून जाते, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते.

राजाश्रय संपल्यावर आणि हुक्का, पानदान मागे पडल्यावर नवा ग्राहक बाजारानेच मिळवून दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा ग्राहक वस्तू वापरण्यापेक्षा शोभेसाठी वा भेट देण्यासाठी घेतो. त्यामुळे कारागीर त्याला जुन्या काळाचा प्रतिनिधी वाटतो; घरभाडे व मुलांची फी भरणारा कामकरी म्हणून तो दिसत नाही. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे लाख रुपयांच्या पुढे गेला. हा बोजा परंपरेच्या स्तुतीने हलका होत नाही.

बिदरी कामास २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत. तथापि नोंदणी नावाचे रक्षण करते, मजुरी ठरवत नाही. आणि पुरस्कार एका उस्तादाचा गौरव करतो, त्याने साऱ्या कारखान्याची चूल पेटत नाही.

कारागिराचा मुलगा वडिलांचा हातोडा हाती घेईल की नाही, हे त्यात भाकरी दिसते की नाही यावर ठरते. जाहिरातींनी हुनराची वाखाणणी जरूर करावी. पण त्या हुनराचे मोल कारागिराच्या पदरात किती पडते, तेही सांगावे. तसे झाले तर ‘कसब’ या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळेल.