‘सिडनी गॅझेट’मधील व्यापारी व धार्मिक सूचना : एक समीक्षा

वृत्तपत्रांच्या इतिहासलेखनात अग्रलेख व बातम्या यांना महत्त्व दिले जाते. स्थानिक सूचना मात्र उपेक्षित राहतात. ‘सिडनी गॅझेट’च्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. न्यू साउथ वेल्स या ब्रिटिशांच्या बंदिवान-वसाहतीतील हे पहिले वृत्तपत्र ५ मार्च १८०३ रोजी सुरू झाले. त्याचा मुद्रक जॉर्ज हाऊ हा स्वतः शिक्षा भोगण्यासाठी आलेला बंदिवान होता आणि मजकूर शासकीय तपासणीनंतरच छापला जाई. अशा पत्रात रहिवाशांचा आवाज शोधावयाचा तर तो प्रामुख्याने सूचनांतच शोधावा लागतो.

व्यापारी सूचनांच्या मुळाशी पतीचा, म्हणजेच बाजारातील विश्वासाचा, प्रश्न आहे. वसाहतीत नाण्यांची टंचाई होती. व्यवहार वचनचिठ्ठ्या, धान्य व मद्य यांवर चालत. कलकत्त्याहून आलेले रॉबर्ट कॅम्पबेल यांच्यासारखे व्यापारी भारतातील माल येथे आणीत. लिलाव व नव्या मालाच्या जाहिरातींबरोबरच हरवलेली वचनचिठ्ठी कोणी स्वीकारू नये, घर सोडून गेलेल्या पत्नीस उधार देऊ नये, अशाही सूचना आढळतात. मोडलेला संसार येथे केवळ देण्याघेण्याच्या भाषेत मांडला जातो. पत्नीची बाजू क्वचितच छापली जाते.

धार्मिक सूचनांत हाच प्रश्न राजकीय रूप धारण करतो. एप्रिल १८०३ मध्ये गव्हर्नर किंग यांनी जेम्स डिक्सन या आयरिश बंदिवान धर्मगुरूस कॅथलिक उपासनेची परवानगी दिली. तिच्या जाहीर मजकुरात परवानगीपेक्षा अटीच ठळक आहेत. उपासना सिडनी, पॅरामाटा व हॉक्सबरी येथे आळीपाळीने व्हावी, राजद्रोही बोलणे होऊ न देण्याची जबाबदारी धर्मगुरूवर राहील, पोलीस हजर राहतील. प्रार्थनेची सूचना अशा रीतीने बंदोबस्ताचा हुकूम बनते. मार्च १८०४ मध्ये कॅसल हिल येथे झालेल्या उठावानंतर ही परवानगी मागे घेण्यात आली.

तथापि या साधनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ज्यांच्या भूमीवर सिडनी वसले, त्या गॅडिगल लोकांना या स्तंभांत स्वतःची सूचना देण्याचे स्थान नव्हते.

सारांश, वसाहतीत कोणावर विश्वास ठेवावा, हे व्यापारी सूचना पतीच्या आधारे ठरविते, तर धार्मिक सूचना सत्तेच्या आधारे. म्हणून या सूचना पानपूरक मजकूर न मानता सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचणे आवश्यक ठरते.