कलकत्त्याचें लोरेटो हाऊस : कांहीं विचार

कलकत्त्याच्या मिडल्टन रोवरील लोरेटो हाऊस या कन्याशाळेचा वृत्तान्त बहुधा दोन मोठ्या नांवांच्या आधारें सांगितला जातो. आरंभीं सर एलिजा इंपे यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला वाडा येतो, अखेरीस मदर तेरेसा येतात. आणि या दोहोंमध्यें शाळा लोपते. ही पद्धति आम्हांस मान्य नाहीं. वास्तूचा पूर्वेतिहास म्हणजे संस्थेचा पूर्वेतिहास नव्हे. आणि तेरेसांचें १९३१ ते १९४८ चें अध्यापन मुख्यतः एंटाली येथील सेंट मेरीज शाळेंत झालें.

कालनिर्णयांतहि सावधपणा हवा. आयर्लंडांतील रॅथफार्नहॅम मठांतून मदर डेल्फिन हार्ट यांच्यासह निघालेल्या धर्मभगिनी १८४१ च्या डिसेंबरअखेर कलकत्त्यास उतरल्या. शाळा उघडली ती १८४२ च्या जानेवारींत. आगमन व स्थापना यांचीं सालें एक करूं नयेत. पुढें १८४६ त दार्जिलिंग व १८७२ त लखनौ येथें शाखा निघाल्या. १९१२ त महाविद्यालय झालें.

तथापि सालांची माळ म्हणजे वाढीची मीमांसा नव्हे. फी भरणाऱ्या मुलींच्या शाळेबरोबर अनाथ मुलींचा सांभाळहि याच भगिनींनीं पत्करला. एकीच्या उत्पन्नाचा दुसरीस किती आधार झाला, हें दाखल्याचीं रजिस्टरें, जमाखर्च व मायदेशीं धाडलेलीं पत्रें यांवरूनच ठरावयाचें. संग्राहकांनीं बिशपांच्या सह्यांइतकींच हीं दप्तरें मोलाचीं मानावीं. मुलींचीं नांवें असतात तीं त्यांतच. तीं गेलीं, तर उरेल तो केवळ इमारतीचा इतिहास.