मुलाखतीपुरता संवाद

अभियंत्याला गणित आणि यंत्रशास्त्र यांपलीकडे काय यावे, याचे उत्तर आपल्याकडे कागदावर चांगले लिहिलेले आहे. २०१४मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्या काळात मानांकनासाठी ‘एनबीए’ने ठरवलेल्या बारा अपेक्षांमध्ये गटात काम करणे व गटाचे नेतृत्व, संवाद, तसेच प्रकल्प-व्यवस्थापन आणि वित्त यांचा समावेश होता. संवादाच्या कलमात श्रोते दोन सांगितले होते : व्यवसायबंधू आणि समाज.

अप्पा बळवंत चौकातून मी या विषयांची जुनी पाठ्यपुस्तके आणि गाइडे जमवत आलो आहे. माझ्या संग्रहात तरी यातला दुसरा श्रोता हरवलेला आहे. संवाद म्हणजे बायोडेटा, गटचर्चा, देहबोली आणि मुलाखत. अर्थशास्त्र म्हणजे घसारा, चक्रवाढ व्याज आणि ना-नफा-ना-तोटा बिंदू. नेतृत्व म्हणजे त्याचे प्रकार पाठ करणे. खर्च कोणावर पडतो, लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न सहसा येत नाही.

खेड्यातून आलेल्या मुलाला इंग्रजी मुलाखतीची तयारी हवीच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. त्याची नोकरी तिच्यावर अवलंबून असते. त्या तयारीचा वर्ग जरूर असावा. माझा आक्षेप तिलाच समाजविद्या म्हणण्याला आहे.

याच्या उलट उदाहरण पुण्याजवळच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१मध्ये बी.ए. झाले आणि मग पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३मध्ये अभियंता झाले. नीरा कालव्यावर त्यांनी मांडलेली ‘ब्लॉक’ पद्धत ही केवळ जलशास्त्राची करामत नव्हती. पाणी मोजक्या उसाच्या मळ्यांत जिरण्याऐवजी अधिक गावांत पोचावे, पिकांची फेरपालट व्हावी, जमीन पाणथळ होऊ नये, हा तिचा हेतू होता. पाणी वाटणे हा अर्थशास्त्राचा निर्णय आहे आणि तो शेतकऱ्याला पटवणे हे संवादाचे काम. पुढे १९३४मध्ये त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले, ते याच विचाराच्या वाटेवरचे.

म्हणून हे विषय वेगळ्या तासिकांत कोंडण्यापेक्षा रचनेच्या तासालाच शिकवावेत, असे माझे मत आहे. कालव्याचा छेद काढणाऱ्या विद्यार्थ्याने शेपटाकडच्या शेतकऱ्याला किती पाणी उरते, याचाही हिशेब मांडावा. तो हिशेब त्याने मराठीत, एका पानात, गावकऱ्यांना समजेल असा लिहावा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. गुण त्यालाही असावेत. नेतृत्वाची परीक्षा तिथेच होईल, कारण उलट प्रश्न ऐकून आपली रचना बदलायची तयारी तिथेच दिसते.

ही कल्पना हवेतली नाही. २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे समाजाशी बोलणे हे कायद्याने सांगितलेले काम आहे. २०२१पासून मराठीतून अभियांत्रिकी पदवी शिकण्याची वाटही खुली झाली आहे. पण ती मराठी वर्गातच राहिली, तर सुनावणीला जमलेल्या माणसांना तो सारांश परकाच वाटेल, आणि ज्याची जमीन जाणार आहे त्याला आपला प्रश्न नेमका कोणाला विचारायचा, हे कळणार नाही.