आडवा छेद, उभी वाट

रस्त्याच्या कोणत्याही प्रकल्पाची फाइल उघडा, तिच्यात एक चित्र हमखास सापडते. रस्ता सुरीने आडवा कापला तर कसा दिसेल, त्याचे. डावीकडे पदपथ, मग झाड, मग सायकलची पट्टी, मग पार्किंग, मग मोटारी, मध्ये दुभाजक, आणि पलीकडे हेच सारे उलट्या क्रमाने. प्रत्येक पट्टीखाली मीटरमध्ये रुंदी लिहिलेली. स्थापत्यवाले याला आडवा छेद म्हणतात. सभागृहातली चर्चा, दुकानदारांचे निवेदन, वर्तमानपत्रातली पत्रे आणि आम्हा सायकलवाल्यांचे म्हणणे, सगळे याच चित्रावर चालते. पट्टी दीड मीटरची की दोन मीटरची? पदपथाच्या उंचीवर की डांबराच्या पातळीला? पार्किंगच्या आतून की बाहेरून?

माझी तक्रार या चित्राबद्दलच आहे. सायकल चालवणाऱ्याला रस्ता आडवा भेटत नाही, तो लांबीने भेटतो. घरापासून कामापर्यंतच्या सहा किलोमीटरांत पाच किलोमीटर उत्तम पट्टी असली आणि तीन चौकांत ती नाहीशी होत असली, तर त्याच्या लेखी पट्टी नाही. आडव्या छेदात मात्र ती शंभर टक्के आहे. कारण छेद चौकात घेतच नाहीत.

मी अभियंता नाही. आयुष्य छापखान्यात आणि मुद्रितशोधनात गेले. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, त्यात आपले वडील कोणते हे ओळखण्याचा खेळ आम्ही भावंडे खेळत असू. पुणे हे सायकलींचे शहर होते, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते लिहिताना संकोच वाटतो. पण ज्यांनी तो लोंढा पाहिला आहे, त्यांना ते शहर कोणत्या रस्त्यावर कसे संपले हा प्रश्न पडतोच. त्या प्रश्नापायी मी रस्त्यांच्या संहिता वाचू लागलो. मुद्रिते तपासणाऱ्याला छापलेल्या ओळीइतकीच गळलेली ओळही दिसावी लागते. माझे वाचन त्या सवयीचे आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे या विषयावर काही लिहिलेलेच नव्हते, असा समज आहे. तो खरा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकल ट्रॅकच्या रचनेची संहिता काढली. पुस्तिका लहानशी, पण नेटकी. गर्दीच्या तासाला चारशे किंवा अधिक सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारगाड्या असतील तर वेगळा ट्रॅक करावा, असे ती सांगते. मोटारी दोनशेच्या वर गेल्या, तर तासाला शंभरच सायकली असल्या तरी तो समर्थनीय ठरतो. ट्रॅकची किमान रुंदी दोन मीटर. एकास तीस असा चढ असेल तर तो नव्वद मीटरांपेक्षा लांब असू नये. म्हणजे तो आकडा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायांनी पेडल मारणारा, दमणारा माणूस होता. मला हे वाचून खरोखर आनंद झाला होता. आजच्या अनेक चकचकीत सादरीकरणांत त्या दमणाऱ्या माणसाचा मागमूस नसतो.

पण याच पुस्तिकेत रस्ता ओलांडण्याच्या जागेबद्दल फार थोडे आहे. तिथे योग्य खुणा रंगवाव्यात, इतपतच. चढाला कोष्टक, वळणाला त्रिज्या, नजरेच्या टप्प्याला अंतर, आणि चौकाला रंग. त्या काळात हे चालून गेले असेल. चौकात पोलीस हात दाखवत उभा असे आणि मोटारी मोजक्या होत्या. २०१५ मध्ये संहिता सुधारली गेली. पण रस्ते करणाऱ्यांच्या हाताला जी सवय लागली, ती जुनीच आहे: पट्टी आखायची, चौक आला की थांबायचे, चौकापलीकडे पुन्हा सुरू करायची.

पट्टी हवी की नको, या मूळ वादातला सर्वांत हट्टी माणूस अमेरिकेतला. जॉन फॉरेस्टर, सागरी कादंबऱ्यांचे लेखक सी. एस. फॉरेस्टर यांचा मुलगा. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायकलवाल्यांना कडेने, काही ठिकाणी तर पदपथावरून, जाण्याची सक्ती केली. फॉरेस्टर यांनी ती धुडकावली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, २०२० मध्ये निधन होईपर्यंत, एकच सिद्धान्त लढवला: सायकल हे वाहन आहे, सायकलवाल्याने वाहनचालकासारखे वागावे आणि इतरांनी त्याला तसेच वागवावे. वेगळी पट्टी ही त्याला रस्त्यावरून हाकलण्याची युक्ती आहे. १९७६ साली आलेले त्यांचे ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ हे पुस्तक या सिद्धान्ताची पोथी झाले.

या पुस्तकाला झोडपणे आता सोपे आहे. मोटारींना भिणाऱ्यांकडे फॉरेस्टर मनोविकार झाल्यासारखे पाहतात. लहान मुले, म्हातारी माणसे, पाठीला दप्तर लावलेली मुलगी त्यांच्या रस्त्यावर दिसतच नाहीत. त्यांचा सायकलवाला तंदुरुस्त, वेगवान आणि बहुतेक वेळा पुरुष असतो. शिवाय त्यांच्या सिद्धान्ताचा प्रयोग व्हायचा राहिला आहे, असेही नाही. भारतातल्या शहरांनी तो नकळत, प्रचंड प्रमाणावर आणि काही दशके करून पाहिला. आपल्याकडे सायकलवाला सर्व वाहनांत मिसळूनच चालला, त्याला कुणी वेगळे काढले नाही. निष्पत्ती आपल्यासमोर आहे. ज्याला हप्त्यावर स्कूटर घेता आली त्याने ती घेतली, आणि ज्याला नाही आली तोच सायकलवर उरला.

तरीही फॉरेस्टर यांचा एक मुद्दा टिकतो. कडेच्या पट्टीतला सायकलवाला मोटारचालकाच्या नजरेआड जातो आणि चौकात एकदम समोर येतो, म्हणून धोका चौकात साचतो, असे ते म्हणत. पुढे कोपनहेगनमध्ये पट्ट्या बांधण्याआधीच्या आणि नंतरच्या अपघातांची तुलना झाली. ज्या शहराचे दाखले आपण ऊठसूट देतो तेच हे शहर. दोन चौकांमधल्या लांबीवर अपघात कमी झाले होते, चौकांत वाढले होते. सायकलीही वाढल्या होत्या, हे त्याच अभ्यासात आहे. एका बाजूचे लोक पहिले वाक्य सांगतात, दुसऱ्या बाजूचे दुसरे. मला दोन्ही एकत्र वाचावीशी वाटतात: पट्टी माणसांना बोलावून आणते आणि चौकात सोडून देते.

डच लोकांनी नेमके इथे काम केले. तेही जन्मजात शहाणे नव्हते. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातून ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. सरकारने हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक देखणा सायकल मार्ग बांधून पाहिला. हेगचे दुकानदार पार्किंग गेले म्हणून खवळले. (आपल्या लक्ष्मी रस्त्याची आठवण कुणाला झाली तर नवल नाही.) मार्ग सुंदर होते, वापरलेही गेले, पण शहरातले सायकलचे एकूण प्रमाण त्यांनी फारसे हलले नाही. मग डेल्फ्टमध्ये एका मार्गाऐवजी सबंध जाळे विणले, तुटलेले दुवे जोडले, आणि तिथे फरक पडला. डच रचनापुस्तिकेत ज्या पाच कसोट्या आहेत, सलगता, थेटपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता, त्यांत सलगता अगदी आरंभी येते. रुंदी ही स्वतंत्र कसोटीच नाही.

त्यांच्या चौकाची रचना शब्दांत सांगतो, आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला लावून. सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला खरा धोका डावीकडे वळणाऱ्या गाडीचा. म्हणून कोपऱ्यावर एक लहान बेट बांधतात, त्यामुळे गाडीला वेग कमी करून, काटकोनाच्या जवळ जाऊन वळावे लागते. सायकलची पट्टी चौकात शिरताना मुख्य रस्त्यापासून साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी आत घेतात. वळून आलेली गाडी त्या जागेत थांबू शकते, आणि चालकाला सायकलवाला आरशात नव्हे, समोरच्या काचेतून दिसतो. यात ना महागडे तंत्र, ना फार रुंदी. लागते ती कोपऱ्याची जागा.

आणि आपण कोपऱ्यावर काय करतो? फ्री लेफ्ट देतो. कोपरा तासून गोल करतो, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला ब्रेकवर पाय ठेवायचीही गरज पडू नये. सिग्नल लाल असो की हिरवा, त्याचा ओघ चालूच. सायकलपट्टी या ओघाच्या तोंडाशी येऊन संपते. पट्टीचे लाल ब्लॉक जिथे थांबतात तिथे उभे राहून पाहा. सायकलवाला मान पूर्ण उजवीकडे वळवून, एक पाय टेकवून, फट शोधत असतो. पोटऱ्यांना सर्वांत जास्त त्रास असतो तो थांबून पुन्हा निघण्याचा, आणि हे त्याला दर चौकात करावे लागते.

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीची सुरुवात झाली, तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले. सातारा रस्त्याच्या त्या ट्रॅकवरून मी कित्येक सकाळी गेलो आहे. अर्थात, ‘वरून’ हा शब्द सैल आहे. सोसायटीचे फाटक आले की ट्रॅक उतरतो, पुन्हा चढतो. विजेची पेटी आली की वळसा घालतो. बसथांब्याशी उतारू त्याच्यावर उभे, कारण त्यांना दुसरी जागाच ठेवलेली नाही. नंतर जंगली महाराज रस्त्याचे रूप पालटले, पदपथ प्रशस्त झाला, माणसे बाकांवर बसू लागली. ते काम मला मनापासून आवडते. पण तिथेही सायकलची वाट पदपथाला लागूनच असल्याने लोक तिच्यावरून फिरतात, आणि त्यांना घंटी वाजवून बाजूला सारणे मला कधी जमले नाही. तो रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही एकदिशा जोडी आहे. मोटारीला एक मोठा वळसा म्हणजे दोन मिनिटे. सायकलला तो वळसा घामाने मोजावा लागतो. उलट्या दिशेने जाणाऱ्या सायकलवाल्याला आपण बेशिस्त म्हणतो. त्याला थेट वाट कुणी आखून दिली होती का, हे विचारत नाही.

दिल्लीतही हेच झाले. आंबेडकर नगर ते मूलचंद हा जेमतेम सहा किलोमीटरांचा बीआरटी मार्ग २००८ साली सुरू झाला, त्यात सायकलींना स्वतःची जागा होती. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली, तरी काही वर्षांतच तो उखडला गेला. तिथला सारा वाद, मोटारींच्या वाट्याला किती मीटर उरले, याचा होता. पुन्हा आडवा छेद.

दुचाक्या ट्रॅकवर घुसतात, ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावरचा आपला उपाय म्हणजे तोंडाशी खांब रोवणे. जरा टेप घेऊन मोजा. स्कूटरचे हँडल आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलचे हँडल यांत फरक काही बोटांचा. स्कूटर अडेल इतकी फट ठेवली, तर दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला अडतो, नारळवाला अडतो, चाकाच्या खुर्चीतला माणूस अडतो. खांबाने गाळला जातो तो नेमका पोटासाठी सायकल चालवणारा. हलकी सायकल उचलून पलीकडे ठेवणारा रविवारचा हौशी तेवढा पार होतो. मीही कधीकधी त्यांच्यातलाच असतो, म्हणून हे बोचते.

२०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरांहून अधिक जाळ्याची कल्पना आहे. आराखडा अभ्यासू आहे, सलगतेचे महत्त्व त्याला ठाऊक आहे. त्याच सुमारास रंगीत भाड्याच्या सायकली आल्या आणि फार काळ न टिकता दिसेनाशाही झाल्या. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, मी लिहीत नाही. मला खुपते ते हे, की पुढे जी चर्चा झाली ती किलोमीटरांची. किती झाले, किती राहिले. किलोमीटर मोजण्यात एक सोय आहे: मधली सलग, सोपी लांबी बांधली की आकडा वाढतो, आणि अवघड चौक पुढच्या टप्प्यात ढकलले तरी तो कमी होत नाही. एखाद्या ग्रंथाची पाने मोजावीत आणि फॉर्म उलटसुलट शिवले गेले आहेत का ते पाहू नये, तसे हे आहे. छापखान्यात अशी पुस्तके मी पाहिली आहेत. वजन पुरेपूर भरते.

लांबीऐवजी चौक मोजले तर? स्वारगेटहून निघालेला, दहा वर्षांच्या मुलीला मागे बसवलेला बाप न उतरता, न घाबरता सलग किती चौक पार करू शकतो, असा हिशेब मांडला, तर आज कोणत्याही मार्गाचा आकडा एका हाताच्या बोटांवर मावेल, असा माझा अंदाज आहे. पण तो आकडा एकने वाढवायला काय लागेल, हे तरी नेमके सांगता येईल: एक बेट, एक बंद केलेला फ्री लेफ्ट, पट्टीचा आत घेतलेला एक तुकडा.

गेल्या वर्षी एका लहान गावच्या बैठकीला गेलो होतो. नाव सांगत नाही. सल्लागारांनी भिंतीवर आडवे छेद लावले होते, हिरवी झाडे, हसरी माणसे. मी चौकांचे नकाशे मागितले. तरुण अभियंता होता, भला होता. त्याने गुंडाळी उलगडली. दोन्ही बाजूंनी लाल पट्ट्या येत होत्या आणि मधोमध, जिथे चार रस्ते मिळतात, तिथे पांढरा कागद होता. “काका, इथलं अजून ठरायचंय,” तो म्हणाला, आणि खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.