थोबाडीत आणि प्रेक्षकांची क्षमा

प्रेक्षकांच्या अश्रूंवरून त्यांच्या न्यायबुद्धीचे मोजमाप करू नये, असे मला 'माहेरची साडी'पासून वाटत आले आहे. विजय कोंडके यांचा हा चित्रपट 1991 साली निघाला आणि मराठी स्त्रियांनी तो डोक्यावर घेतला. सुनेचा छळ पाहून त्या रडल्या. सासूच्या भूमिकेतील उषा नाडकर्णी यांच्या नावाने त्यांनी बोटे मोडली. या रडण्यास मी हसणार नाही. ज्यांना घरी बोलण्याची सोय नव्हती त्यांना काळोखात मोकळेपणी रडता आले, हेही थोडे नव्हे. परंतु तेथे संतापास फार सोयीची वाट मिळाली होती. छळणारी बाई पडद्यावर आली की दुष्ट ठरते, आणि दुष्टाने छळले यात प्रेक्षकास विचार करण्याजोगे काही उरत नाही.

खरी कसोटी लागते ती लाडक्या नायकाने हात उगारला म्हणजे. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने 2016 साली ती लावली. गावी बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी आर्ची हैदराबादेत कारखान्यात कामास जाते. संशयाने पछाडलेला परशा तिच्या थोबाडीत मारतो. ती गाडीत बसून निघून जाते, तो गळफासाची तयारी करतो, आणि ती परत येते. दिग्दर्शकाने हे लपविलेले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. तथापि आमच्या विश्रांतवाडीत ज्या ज्या घरी या चित्रपटाचा विषय निघाला, तेथे गाणी आठवत होती, शेवटची बाळाची रक्ताळलेली पावले आठवत होती. त्या माराचे नाव काढले म्हणजे मात्र 'हो, तसे काहीतरी आहे खरे' एवढेच उत्तर मिळे. एक सुशिक्षित गृहिणी तर म्हणाल्या, "पण तो बिचारा किती रडला!"

या 'बिचारा' शब्दात सगळे आले. परशाचे दारिद्र्य, त्याचा शीण, त्याचा मत्सर आपण जवळून पाहिलेला असतो. कारण समजले की ते आपल्या नकळत समर्थन होऊन बसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 45 टक्के भारतीय स्त्रियांनी पतीने मारण्यास निदान एक तरी कारण योग्य मानले, आणि त्यांत सर्वांत अधिक मान्यता मिळाली ती सासरच्यांचा मान न राखण्यास. कारणे शोधून देण्याची ही सवय चित्रपटगृहाच्या दारात गळून पडत नाही.

शिवाय 'सैराट'चा शेवटच असा भयंकर आहे की त्यापुढे थोबाडीत क्षुल्लक वाटावी. आपण त्या हत्येस जातीचा सूड म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु तो सूड घेण्यास भाऊच येतो. 'ही आमची' हा भावाचा हक्क आणि 'ही माझी' हा परशाचा संशय यांत अंतर पुष्कळ असले, तरी मूळ अगदीच निराळे नव्हे.

पुरुषाच्या पश्चात्तापाने स्त्रीची तक्रार मिटते, हा संकेत जुनाच. पुण्याच्या 'प्रभात'ने 1937 साली काढलेल्या 'कुंकू'तील नीरा जरठ पतीशी संसार करण्याचे नाकारते; तिची सुटका मात्र काकासाहेबांनी प्राण दिल्यावरच होते, आणि प्रेक्षक त्या वृद्धाविषयी हळहळत उठतो. परशाचा गळफास हेच काम करतो.

2020 सालच्या अनुभव सिन्हा यांच्या 'थप्पड' या हिंदी चित्रपटात दारिद्र्य नाही, खून नाही. सुखवस्तू घरातील एकच चपराक आणि तिच्यावरून घटस्फोट. तेव्हा 'एवढ्याशा कारणावरून?' असे पुष्कळांनी विचारले. आर्ची परत आली तेव्हा मात्र कोणी काही विचारले नव्हते. आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.