विधिमंडळ समितीपुढील साक्षीदार आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरून पोलादपूरमार्गे महाडला येणाऱ्या सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला. दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने पुरात वाहून गेली व अनेकांचे प्राण गेले. पुढे निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमण्यात आला. अशा प्रसंगी पुलाची तपासणी करणारा अभियंता हा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो, आणि कदाचित उद्याचा आरोपीही. त्याने खरे सांगावे असे समाजास वाटते. परंतु ते सांगितल्यास त्याचे काय होईल, याचे उत्तर तो कोणापुढे बोलतो यावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

घटनात्मक संरक्षण आणि त्याची मर्यादा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार अपराधाचा आरोप असलेल्या व्यक्तीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. येथे ‘आरोप असलेली व्यक्ती’ हे शब्द निर्णायक आहेत. मुंबईतील नारायणलाल बन्सीलाल विरुद्ध माणेक मिस्त्री या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे स्पष्ट केले की, कंपनी कायद्याखालील निरीक्षकाच्या चौकशीत, औपचारिक आरोप नसताना, हे संरक्षण मिळत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निर्णयाने पोलीस तपासापुरती या हक्काची व्याप्ती वाढविली. तथापि, गुन्हा नोंदविला जाण्यापूर्वीच एखाद्या समितीपुढे बोलावलेला साक्षीदार या छत्राबाहेरच राहण्याची शक्यता अधिक.

तीन मंच, तीन न्याय

हाच अभियंता न्यायालयात साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर अडचणीचे उत्तर टाळण्याची त्यास मुभा नाही. मात्र सक्तीने घेतलेले उत्तर, खोट्या साक्षीचा खटला वगळता, त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३२ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तो १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखालील आयोगापुढे आला, तर कलम ६ त्याचे असेच रक्षण करते.

परंतु विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे तो आला, तर यांपैकी कोणतेही कलम त्यास थेट लागू पडत नाही. अनुच्छेद १९४(२) चे संरक्षण सदस्यांच्या भाषणास आहे. १९४(४) ते इतरांपर्यंत नेतो, पण संविधानानेच ज्यांना सभागृहात वा समितीत बोलण्याचा हक्क दिला आहे त्यांच्यापुरतेच. बोलावणे आले म्हणून हजर झालेला साक्षीदार त्यांत बसतो, असे खात्रीने म्हणता येत नाही. उलट, लोकसभेच्या नियम २७० नुसार राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाध येईल या कारणास्तव शासन कागदपत्र सादर करण्यास नकार देऊ शकते. शासनास स्वतःच्या बचावाचा मार्ग लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, व्यक्तीस नाही. टीकेचा मुख्य मुद्दा हाच आहे.

हा प्रश्न केवळ काल्पनिक नाही. मुंबईतील १९९२ च्या रोखे घोटाळ्यात रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीची चौकशी आणि केंद्रीय अन्वेषण विभागाचा फौजदारी तपास हे समांतर चालले होते. व्यवहार तेच आणि माणसेही बव्हंशी तीच होती.

परदेशातील दोन मार्ग

अमेरिकेत काँग्रेसच्या समितीपुढेही साक्षीदार मौन पाळू शकतो; १९५५ च्या क्विन खटल्याने ते मान्य केले. अभय देऊन त्यास बोलते करता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. ऑलिव्हर नॉर्थ यांची समितीपुढील साक्ष खटल्यातील साक्षीदारांवर प्रभाव टाकून गेली असावी, या शंकेमुळे १९९० मध्ये अपील न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्दबातल केली. ब्रिटनमध्ये याउलट साक्षीदारास उत्तर नाकारण्याचा हक्क नाही. मात्र १६८९ च्या हक्कांच्या सनदेमुळे संसदेतील कामकाजावर न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नाही. तरीही १९९२ मध्ये मॅक्सवेल बंधूंनी कॉमन्सच्या समितीस उत्तरे देण्याचे टाळले. संरक्षण असूनही साक्षीदारास विश्वास वाटत नसेल तर सत्य बाहेर येत नाही, हाच त्याचा बोध.

आक्षेप व उत्तर

अशा संरक्षणामुळे दोषी अधिकारी सुटतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो गंभीर आहे. परंतु येथे मौनाचा हक्क सुचविलेला नाही. साक्षीदाराने उत्तर द्यावे, केवळ ते उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ नये, एवढेच अपेक्षित आहे. तपासणीच्या नोंदी, निविदा, पत्रव्यवहार हा स्वतंत्र पुरावा पोलिसांस खुलाच राहतो. कलम ६ सारखी मर्यादित तरतूद केल्यास नॉर्थ प्रकरणातील टोकही टाळता येईल.

समारोप

अनुच्छेद २० वा २१ चा भंग झाल्याची तक्रार सदस्याने केली असो वा बाहेरच्या नागरिकाने, ती तपासणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे राजा राम पाल प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण साक्षीदाराने त्यासाठी दिल्ली गाठावी, ही व्यवस्था नव्हे. अनुच्छेद १९४(३) विधिमंडळास आपले विशेषाधिकार कायद्याने निश्चित करण्याचा अधिकार देतो. त्या कायद्यात साक्षीदाराच्या संरक्षणाचे एक कलम असावे.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडी कोसळल्या. इशारा कोणास, केव्हा मिळाला होता, हे प्रश्न अशा प्रत्येक प्रसंगी उभे राहतात. गेलेल्या माणसांच्या आप्तांना शिक्षेइतकेच सत्यही हवे असते. ते सांगू शकणाऱ्या माणसास बोलण्याची भीती वाटत राहिली, तर समितीच्या हाती केवळ ‘आठवत नाही’ हे उत्तर येईल.