जड पाणी आणि दुष्फेन पाणी: सेवाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा विचार

विद्यापीठीय शिक्षणाला समाजसेवेची जोड असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने ऐच्छिक राष्ट्रीय सेवेची शिफारस केली. 1964-66 च्या कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला. आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ही सेवा मात्र बहुतांशी अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिली. रसायनशास्त्राचा विद्यार्थी शिबिरात रस्ता दुरुस्त करी, झाडे लावी. त्याच्या रसायनशास्त्राला तेथे काही काम नसे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाला श्रेयांक मिळू लागले आणि सेवा हीच विषय शिकण्याची एक रीत व्हावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. अपेक्षा योग्य आहे. परंतु ती पुरी झाली की नाही, हे भरलेल्या तासांवरून किंवा अहवालाच्या पानांवरून कळत नाही. त्याची कसोटी विद्यार्थी आणि गाव यांच्यामधील भाषाव्यवहारात शोधावी लागते.

विज्ञान विभागांना सहज साधणारा उपक्रम म्हणजे गावातील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी. तिची सर्वपरिचित रीत अशी: विद्यार्थी बाटल्या भरतात, प्रयोगशाळेत ईडीटीए द्रावणाने अनुमापन करतात, द्रावणाचा लालसर रंग निळा होताच आकडा टिपतात, आणि कोष्टक अहवालास जोडतात. या सर्व व्यवहारात गावाशी बोलणे फक्त बाटली भरण्यापुरते होते. नमुना गावातून येतो. निष्कर्ष गावाकडे परत जाईलच, असा नेम नसतो. गेला तरी तो इंग्रजी कोष्टकाच्या रूपाने जातो, म्हणजे न गेल्यासारखाच.

वस्तुत: त्या विहिरीवरील बाईला पाण्याविषयी बरेच ज्ञान असते. हे पाणी ‘जड’ आहे, यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, असे ती सांगते. पाठ्यपुस्तक याच पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणते. दोन्ही शब्दांमागील अनुभव एकच आहे. किंबहुना ‘दुष्फेन’ ही संज्ञा त्या बाईच्या साबणाच्या परीक्षेचेच संस्कृत रूप होय. पण संस्कृतात गेल्यामुळे ती तिच्या कानाला परकी झाली. उलट, ‘जड पाणी’ म्हटल्यावर विज्ञानाच्या विद्यार्थ्यास अणुभट्टीतील ड्यूटेरियमयुक्त पाणी आठवते. एकच शब्द दोन भिन्न वस्तूंना आणि दोन शब्द एकाच वस्तूला लागू, अशी ही स्थिती आहे. तिचा उलगडा करावयाचा तर कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी साका का बनवतात आणि डाळीच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट का करतात, हे विद्यार्थ्याला सोप्या मराठीत सांगता आले पाहिजे. अनुमापन बिनचूक करणारा विद्यार्थीही या ठिकाणी अडतो, आणि त्याला काय समजलेले नाही ते येथेच उघडे पडते.

यावर असा आक्षेप येईल की, लोकांचे शब्द सैल असतात. शास्त्राला निश्चित परिभाषा हवी. आक्षेपात तथ्य आहे. ‘जड’ या शब्दात दुष्फेनता आणि मचूळपणा यांची पुष्कळदा सरमिसळ होते. शिवाय, डाळ आणि साबण यांच्या परीक्षेत फ्लोराइड सापडत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत ते भूजलात आढळते. भारतीय मानकानुसार त्याची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, तर दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅम आहे. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. भूजलात कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट अधिक असल्यास फ्लोराइड विरघळून राहण्याचा संभव वाढतो. म्हणजे ज्या पाण्यात डाळ चांगली शिजते, म्हणून गाव जे पाणी गोडीने पिते, तेच मुलांचे दात डागाळणारे असू शकते. लोकज्ञानाचे केवळ गुणगान करणारी सेवा येथे धोक्याची ठरेल. आणि केवळ आकडा कळवणारी सेवा निरुपयोगी, कारण ‘चांगल्या’ पाण्याला वाईट म्हणणाऱ्या कागदावर कोणी का विश्वास ठेवावा? गावाची परीक्षा कोठवर खरी आणि कोठून पुढे अपुरी, हे गावाच्याच शब्दांत दाखवून देता आले, तरच विश्वास उत्पन्न होईल.

असा संवाद अशक्य नाही, याची साक्ष शेतीची मराठी देते. माती परीक्षणाच्या पत्रकातील ‘सामू’ आणि ‘सेंद्रिय कर्ब’ हे शब्द आज शेतकऱ्यांच्या बोलण्यात येतात. वर्गात मात्र ‘कर्ब’ मागे पडून ‘कार्बन’ आला आहे. उलट दिशेने, ‘चोपण’ हा शेतकऱ्याचा शब्द कृषिशास्त्राने सोडियमयुक्त जमिनीसाठी स्वीकारला. ओली असता चिकट आणि वाळली की टणक होणारी जमीन शेतकऱ्याने हाताने ओळखली होती; शास्त्राने तिचे कारण मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियममध्ये दाखवले आणि जिप्समचा उपाय सांगितला. शब्द शेतकऱ्याचा, मीमांसा शास्त्राची: या देवघेवीत दोहोंपैकी कोणाचाही अधिक्षेप झाला नाही.

तात्पर्य, सेवाधिष्ठित विज्ञानशिक्षणाच्या मूल्यमापनात अहवालाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ग्रामसभेतील निवेदनाला असावे. विद्यार्थ्याने निष्कर्ष मराठीत, किंवा त्या गावाच्या बोलीत, मांडावा. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आणि जे उत्तर देता आले नाही ते नोंदवून पुन्हा प्रयोगशाळेत न्यावे. यासाठी अध्यापकांनाही वेळ द्यावा लागेल, आणि तो आजच्या वेळापत्रकात सहज सापडणारा नाही. परंतु त्यावाचून ‘सेवा’ हा शब्द नमुने गोळा करण्याचे सभ्य नाव ठरेल. गावाने विद्यापीठाला आपले पाणी दिले आहे. त्या पाण्याविषयी समजेल असे उत्तर मिळणे हा गावाचा हक्क होय. ते देता येण्याइतके रसायनशास्त्र ज्याला आले, त्यालाच त्याचे श्रेयांक द्यावेत.